तिसरं मोजमाप

"उठा. तुम्ही माझ्या पुराव्यावर बसलायत."

त्याच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. तांब्याच्या जुन्या खाणीपाशी आमचं उत्खनन चालू होतं, आणि नकाशे काढायला आलेला हा मोजणीदार पहिल्याच दिवशी एका दगडावर खुशाल बसून पाणी पीत होता. तो दगड म्हणजे ऐरण. खाणीतली माणसं त्यावर खनिज फोडायची, हिरवे तुकडे भट्टीसाठी वेचायची, बाकीच्या कपच्या मागे टाकून द्यायची. तो उठला, वाकून दगडावरचे खळगे निरखले, आणि माफी मागितली ती दगडाची. माझी नाहीच!

मग आठ दिवस मोजणीच्या फितीचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. ऐरणीच्या दोन्ही बाजूंना कपच्यांचा एकेक ढीग होता.

"दोघं बसत असणार, समोरासमोर," तो म्हणाला.

"नवराबायको?"

"बहुतेक. एकमेकांकडे बघण्याच्या नादात किती वेळा बोटं ठेचली असतील…"

कागदावरून त्यानं मान वर केली नाही, पण त्याचे कान लाल झाले होते. मला तो फार आवडला तेव्हा.

शनिवारी त्याचं काम संपणार होतं आणि मला ते संपायला नको होतं. म्हणून बुधवारी मी ठोकून दिलं, की डाव्या ढिगाचं माप चुकलंय. त्यानं निमूटपणे पुन्हा मोजलं. गुरुवारीही मी तेच म्हटलं, त्यानं तिसऱ्यांदा मोजलं. आईनं फोनवर विचारलं, दिवसभर करतेस तरी काय? मोजमाप, मी म्हटलं. दिवसभर दगडांशी बडबडणारी मी, त्याच्यापुढे मात्र मिठाची गुळणी धरून बसले होते.

शनिवारी गाडी आली. तो नकाशांची गुंडाळी करत होता, आणि माझा धीर सुटला.

"जाऊ नकोस…"

त्याचे हात थांबले.

"तिन्ही मापं सारखीच आली होती," तो हळूच म्हणाला. "वाटलं, तिसऱ्यांदा तरी बोलशील. काल दुसऱ्या खाणीच्या कामाला होकार कळवून टाकला… दोन वर्षांचं आहे."

एका दिवसानं हुकलं. हजार वर्षांपूर्वी कोण कुठे बसलं होतं ते मी सांगू शकत होते, आणि समोरच्याच्या मनातलं मला दिसलं नव्हतं. डोळे भरून आले ते मी लपवले नाहीत.

"मी वाट बघीन," मी म्हटलं.

"नुसती बघू नकोस," तो म्हणाला. "बोलत जा."