मधली खुर्ची

पत्र तिच्या स्वतःच्या नावाने आलं होतं, आणि नेमकं तेच भयंकर होतं!

सवलतीच्या भाड्याची घरं देणाऱ्या त्या कार्यालयात गेली बावीस वर्षं तिचं नाव कुठल्याही कागदावर नव्हतं. ते नसावं म्हणूनच तर तिने आपल्या उभ्या आयुष्याची माती करून घेतली होती! आणि ही जिन्याखालची खोली तर तिने आई गेल्यावर घेतलेली. भावाला ती ठाऊक नव्हती, आणि आईला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी पाकिटावर पत्ता होता, ‘जिन्याखाली, डावं दार’ इतका बारीक. आत एकच ओळ. सदस्य क्रमांक चार म्हणून उद्या सकाळी अकरा वाजता हजर राहावे.

थोरलीने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. सापडलो आपण... दुसरं काय असणार? पाच वर्षं मेलेल्या आईच्या नावाने सह्या केल्या, त्याचा जाब विचारायला बोलावलंय. आणि यंदा तर तेवढंही जमलं नाही! वर्षातून एकदा सही करायच्या हजेरीच्या महिन्यातच नेमकं पोटाचं ऑपरेशन झालं, शेवटची तारीख रुग्णालयाच्या खाटेवर पडल्या पडल्या निघून गेली, आणि टाके निघायच्या आत धुलाईघरातली नोकरीही गेली. एक हजेरी चुकली की नाव कापलं जातं, असा तिथला कायदा. बावीस वर्षांची रांग आपल्या एका दुखण्याने पुसली गेली, या विचाराने तीन आठवडे तिला अन्नाची चव म्हणून लागली नव्हती.

सकाळी तिने पेटी उघडली. आईची शाल आणि आईचा जुना चष्मा नेऊन कार्यालयाच्या खिडकीवर ठेवायचा, गुन्हा कबूल करायचा आणि पाया पडून सांगायचं, शिक्षा मला करा, पण भावाचा नंबर ठेवा... शालीला हात लावला आणि तो तिथेच थांबला.

घडी तिची नव्हती.

तीस वर्षं रुग्णालयाच्या चादरींच्या घड्या घातलेले हात ते! झोपेतही तिने चार पदरी घडी घातली असती, कडा आत, टोकाला टोक. ही शाल तीन पदरी घालून लाटण्यासारखी गुंडाळलेली होती. अशी एकच बाई गुंडाळायची. आणि कोपऱ्यावर निळ्या शाईचा डाग! वाळलेला डाग कसा दिसतो हे धुलाईघरातल्या बाईला कोणी शिकवायला नको. तिने बोट लावलं, तर बोट निळं झालं.

पेटीची किल्ली तिच्याच गळ्यात होती. भर सकाळी, खिडकीतून लख्ख ऊन आत येत असताना, ती मागे सरकून भिंतीला टेकली.

बावीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ आजही तिच्या अंतःकरणात जशीच्या तशी होती. वडील गेलेले, तळघरातल्या दोन खोल्या, भिंतींना बारमाही ओल, आणि बारा वर्षांचा धाकटा भाऊ, जो तिने स्वतः अंगाखांद्यावर वाढवलेला! आईने घरासाठी अर्ज केला, तेव्हा खिडकीतल्या माणसाने आकडे मांडून सांगितलं होतं, थोरलीची कमाई धरली तर तुम्ही मर्यादेच्या वर जाता. थोडंसंच, पण वर.

“तू घरात नसलीस तर बसतो आपण त्यांच्या मर्यादेत,” आई खाली मान घालून म्हणाली होती. “वर्ष-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे गं. पण धाकट्याला कळता कामा नये. तपासणीला माणूस येतो, पोरांना आधी विचारतो. त्याच्या पोटात काही राहत नाही... शपथ घे माझी. मी सांगेपर्यंत तू बोलायचं नाहीस.”

आणि तिने शपथ घेतली! त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, “नाही उचलायचं मला तुमचं ओझं! माझं मला आयुष्य आहे की नाही?” धाकटा एका पायात बूट घालून दाराशी आला होता, दुसरा बूट हातात. “ताई, मी कमी जेवीन गं,” एवढंच तो म्हणाला. ते पाच शब्द तिने बावीस वर्षं उराशी वागवले, आणि तोंडातून ब्र काढला नाही.

वर्ष-दोन वर्षं! त्या यादीचं गणितच विलक्षण. नंबर पुढे सरकायचा, तसा मागेही यायचा. कोणाचं घर जळलं, कोणी दुर्धर आजारी, की ते मध्ये घेतले जायचे; त्यात गैर काहीच नव्हतं, आपल्याहून गांजलेलेच ते! पण चारशेवरून दोनशेवर आलेला नंबर पुन्हा तीनशेवर गेलेला बघून आई नुसती हसायची. “आपली रांग पाठमोरी चालते बघ,” म्हणायची.

वर्षातून एकदा, हजेरीच्या दिवशी, मायलेकी भेटायच्या. भेटायच्या म्हणजे काय, तर कार्यालयाच्या दालनात तिसऱ्या ओळीत तीन खुर्च्या होत्या, त्यात एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला लेक, आणि मधली रिकामी. कोणी पाहिलं तर? म्हणून दोघी समोरच्या नंबराच्या फळ्याकडे बघत ओठ न हलवता बोलायच्या. धाकटा पास झाला. धाकटा नळजोडणीच्या कामाला लागला. धाकट्याचं लग्न ठरलंय... तू येऊ नकोस गं! शेवटच्या वर्षी आईने शाल आणि चष्मा मधल्या खुर्चीवर ठेवला. “थंडी वाजत नाही मला आता,” म्हणाली. महिन्याभरात ती गेली.

अंत्यविधीला थोरली पोचली, तेव्हा भावाने नंबराचा कागद तिच्यादेखत फाडला. “या यादीने माझी आई खाल्ली! मी मेलो तरी त्या दारात जाणार नाही. आणि तू कोण? तुझा इथे संबंध काय?” तिने पाठवलेली पत्रं न उघडता परत यायची. त्याच ओल्या तळघरात आता त्याची चिमुरडी खोकत होती. मग करणार काय! शाल पांघरली, चष्मा लावला, आणि थोरली आई होऊन खिडकीपाशी गेली. एकदाच, असं ठरवून. केस धुलाईघराच्या वाफेने कधीच पांढरे झाले होते. माणसाने वर न बघता म्हटलं, “आजी, इथे सही.” एकदाचं पाचदा झालं.

त्या पाच वर्षांत एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती, आणि तिने ती स्वतःलाही मोठ्याने सांगितली नव्हती. दालन माणसांनी फुलून जायचं, लेकुरवाळ्या बाया भिंतीला टेकून उभ्या राहायच्या, पण तिच्या शेजारच्या त्या मधल्या खुर्चीवर कोणी बसत नसे. “बसा ना,” ती म्हणायची. “नको, कोणीतरी आहे ना तिथे,” म्हणून माणसं पुढे जायची.

अकराला, सवयीने तीच शाल पांघरून, तोच चष्मा लावून ती दालनात शिरली, आणि खिडकीपाशी तिला भाऊ दिसला. हातात पत्र, कपाळावर शीर तटतटलेली.

“माझी आई जाऊन सहा वर्षं झाली, बाई! तिच्या नावाने हा खेळ कोण करतंय?”

खिडकीमागे नुकतीच बदलून आलेली कारकूनबाई होती. पूर्वीचा माणूस निवृत्त झाला होता.

“मी केला,” थोरली मागून म्हणाली. तिने पाऊल मागे घेतलं नाही. “सह्या माझ्या आहेत. यंदा आले नाही, रुग्णालयात होते. मला काय शिक्षा करायची ती करा, पण याचं नाव कापू नका हो! याच्या पोरीला श्वास पुरत नाही त्या घरात...”

भावाने वळून पाहिलं. ती शाल, तो चष्मा, ते पांढरे केस... त्याचा चेहरा कागदासारखा झाला. क्षणभर “आई” असं त्याच्या ओठांवर आलंच, आणि मग ओळख पटली.

“तू!”

“भांडण घरी जाऊन करा,” कारकूनबाई म्हणाली. “नाव कोणी कापलेलं नाही. यंदाची हजेरी शेवटच्या दिवशी लागलीय, माझ्यासमोर. मी खिडकी लावत होते आणि एक म्हाताऱ्या बाई आल्या. हीच शाल होती. स्वतःचं पेन काढलं, अर्ज भरला, सही केली.”

“कोण बाई?” दोघांनी एकदम विचारलं.

“ते लिहायला या अर्जात रकाना नाही,” ती म्हणाली, आणि अर्ज तिने काचेखालून पुढे सरकवला.

‘कुटुंबातील बदल’ या रकान्यात ठसठशीत, उजवीकडे झुकलेलं अक्षर होतं.

अर्जदार मयत. तिच्या जागी मुलगा. सोबत सून, नात आणि मुलगी. मुलीला आता कमाई नाही. मुलगी बावीस वर्षांपूर्वी घराबाहेर गेली ती माझ्या सांगण्यावरून. तिने माझी शपथ पाळली. तिला आत घ्या.

खाली सही. सहीशेजारी अंगठ्याचा निळा ठसा.

धाकटा त्या ठशावरून बोट फिरवत राहिला. “पेन गळायचं तिचं,” तो अगदी हळू म्हणाला. “टोक अंगठ्याला पुसायची, आणि त्याच अंगठ्याने कागद दाबून धरायची. माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर हा डाग... शाळेतल्या बाई रागवायच्या मला. ताई, ते पेन मी तिला पोचवताना तिच्या मुठीत ठेवलं होतं. माझ्या हाताने! तिच्याबरोबर गेलं गं ते...”

थोरलीने शालीचा कोपरा त्याच्यापुढे धरला. त्याने तो डाग पाहिला, आणि तिच्या निळ्या बोटाकडे पाहिलं.

“मग अंगठा तिथे पुसला असेल तिने,” तो म्हणाला, आणि एवढा चौतीस वर्षांचा बाप्या मटकन खाली बसून लहान मुलासारखा रडू लागला. “बावीस वर्षं! शिव्या घातल्या तुला मनात... एकदा तरी सांगायचंस!”

“शपथ होती रे राजा...”

“मी म्हटलं होतं ना, कमी जेवीन म्हणून!”

“ऐकलं होतं मी,” ती म्हणाली, आणि तिने त्याचं डोकं पोटाशी धरलं. टाके दुखत होते, दुखू देत!

कारकूनबाई घसा खाकरून म्हणाली, “मयताची नोंद हजेरीच्या महिन्यात झाली, की अर्ज वारसाकडे जातो. मृत्यूचं वर्ष म्हणून नोंदीचंच वर्ष आम्ही धरतो. आधीच्या सह्या ज्यांनी घेतल्या त्यांचं ते बघतील. आणि तुमचा नंबर लागलाय. दोन खोल्या, तिसरा मजला, ऊन येतं. किल्ली आणते, तोवर बसा.”

दोघं तिसऱ्या ओळीत जाऊन बसली. सवयीने ती एका टोकाला, आणि का कोण जाणे, तो दुसऱ्या. मध्ये ती खुर्ची. तिने शाल काढून मांडीवर घेतली, आणि काही बोलणार, इतक्यात हातात पिशव्या घेतलेला एक थकलेला गृहस्थ आला. त्याने विचारलं नाही, बिचकला नाही. “सरका जरा,” म्हणाला, आणि मधल्या खुर्चीवर ऐसपैस बसला.

थोरली त्याच्याकडे बघतच राहिली. आणि मग सहा वर्षांत जे रडू आलं नव्हतं, आईला पोचवतानाही परक्यासारखं दूर उभं राहावं लागल्याने जे घशातच राहिलं होतं, ते आता आलं.

“अहो, काय झालं? कोणाची जागा होती का ही?” तो गृहस्थ घाबरून उठू लागला.

“नाही हो,” तिने त्याला हाताने बसवलं. “बसा. रिकामीच आहे.”

भाऊ उठून तिच्यापाशी आला. त्याने तिच्या मांडीवरची शाल घेतली, नकळत तीन पदरी घातली, गुंडाळली, आणि काखेत धरली.

“चल ताई,” तो म्हणाला. “किल्ली मिळाली की आधी पोरीला शाळेतून घ्यायचंय. तिला अजून माहीतच नाही तिला आत्या आहे.”