केशूचा शंख

सोमवारी केशूच्या अंगावर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके होते. गुरुवारी सकाळी त्यातला एकही उरला नव्हता. मग ते गेले कुठे?

वैजूने हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही, ती सरळ नाचत सुटली. कासवखडकावरच्या प्रवाळघरात नाचायला जागा भरपूर होती आणि बघायला कोणी नव्हतं. देवगडच्या किनाऱ्यापासून दूर, चारी बाजूंनी समुद्र असलेल्या त्या खडकावर माणसं दोनच राहत, वैजू आणि तिचे आबा, म्हणजे आजोबा. समुद्र तापू लागल्यापासून प्रवाळ (दगडासारखं घर बांधून वसाहत करणारे इवलेसे सागरी जीव) मरू लागले होते. गरम पाण्यातही तग धरतील असे प्रवाळ आबा तिथल्या मोठ्या टाकीत वाढवत होते. शिवाय खेकड्या होता. तो टाकीच्या काठावरून तिरका चालत पाणी मोजणारा यंत्रमानव. पण गप्पा मारायच्या म्हटल्या तर त्याच्यापेक्षा उंबऱ्याशी बोललेलं बरं.

वैजूची आई दक्षिण समुद्रात जहाजावर संशोधन करत होती आणि वर्षभर येणार नव्हती. शाळा पडद्यावर भरायची. त्यामुळे वैजूचा खराखुरा मित्र एकच, टाकीतला केशरी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा, केशू. तिने काचेला बोट लावलं की तो धावत यायचा. रात्री मात्र एका मोठ्या रिकाम्या शंखात शिरून झोपायचा.

“आबा, केशू बरा झाला!”

आबांनी वाकून पाहिलं, पण ते हसले नाहीत. “बरा नाही झाला. ठिपके पोट भरून उतरलेत.”

“ठिपक्यांना पोट असतं?”

“ते ठिपके म्हणजे परजीवी, दुसऱ्याच्या अंगावर राहून त्यालाच खाणारे जीव. पोट भरलं की ते मासा सोडतात, वाळूवर, दगडावर जाऊन बसतात आणि भोवती कोष (टणक कवच) करतात. आत एकाचे दोन, दोनाचे चार, असे शेकडो होतात. मग कोष फुटतो आणि सगळी पिल्लं मासा शोधत सुटतात.”

“आणि मासा नाही मिळाला तर?”

“एकदोन दिवसांत उपाशी मरतात. हे त्यांचं वर्म.”

वैजूने लगेच तोड काढली. “मग औषध ओता टाकीत!”

“औषध म्हणजे तांबं. ते माशाच्या कातडीखाली पोचत नाही, कोषातही शिरत नाही. पोहणारी पिल्लं तेवढी मारतं. आणि प्रवाळांनाही मारतं! आजार परवडला, पण औषध नको, अशी गत होईल.”

मग ठरलं असं. केशूला दवाखान्यात, म्हणजे आजारी माशांसाठीच्या वेगळ्या छोट्या टाकीत हलवायचं आणि तिथल्या पाण्यात त्याला सोसेल एवढं तांबं ठेवायचं. मोठी टाकी अडीच महिने माशांविना ठेवायची. काही कोष लवकर फुटतात, काही फार उशिरा. शेवटचा कोष फुटून त्यातली पिल्लंही उपाशी मरेपर्यंत तिथे एकही मासा असता कामा नये.

दवाखान्याची टाकी अगदी ओकीबोकी होती. नुसती काच, पाणी आणि लपायला प्लॅस्टिकच्या पाइपचे तुकडे. केशू एका कोपऱ्यात अंग चोरून राहिला. वैजूचं बोट दिसलं तरी तो आला नाही. तिला ते फार लागलं.

तिकडे मोठ्या टाकीत प्रवाळ छान डोलत होते, पण वैजूला तिथे बघवेना. आबा दिवसभर वरच्या खोलीत आकडेमोडीत बुडालेले असत. जेवायला यायचे तेव्हाही डोकं प्रवाळांतच असायचं.

पाचसहा दिवसांनी खेकड्या म्हणाला, “तांबं कमी.”

आबांनी तांबं वाढवलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा म्हणाला, “तांबं कमी. गळती नाही. मोजण्यात चूक नाही.” आबांनी पुन्हा वाढवलं, ते पुन्हा उतरलं. त्यातच केशूच्या अंगावर ठिपके परतले, आधीपेक्षा दाट. त्याचे कल्ले भराभर हलू लागले. त्याला श्वास पुरत नव्हता.

“मरेल का तो?” वैजूने विचारलं.

“तांबं टिकलं नाही तर मरेल,” आबा म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे. मग ते स्वतःशीच पुटपुटले, “आमच्या सुपारीच्या बागेत पावसाआधी मोरचूद फवारायचे. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. नुसतं मारलं तर झाड भाजतं, म्हणून त्यात चुना घालायचे. चुना तांब्याला धरून ठेवतो. इथेही तांब्याला कोणीतरी धरतंय. पण इथे चुना येणार कुठून?”

वैजू केशूच्या टाकीकडे वळली. शिंपले भाजून चुना करतात, हे कोकणातल्या पोराला कोणी शिकवावं लागत नाही. आणि शिंपला काय, शंख काय, माती एकच.

तिने बाह्या सरसावल्या, टाकीत हात घातला आणि सगळ्यांत मोठ्या पाइपच्या मागून, तिनेच गुपचूप ठेवलेला केशूचा शंख बाहेर काढला. तिचे डोळे घळाघळा वाहत होते.

“तुला दिसला नाही?” आबांनी खेकड्याला विचारलं.

“दिसला. पाणी मोजायची आज्ञा आहे. शंख मोजायची नाही.”

“रडू नको गो बाये,” आबा वैजूला म्हणाले. “पण असा कित्याक केलंस?”

“त्याला एकट्याला करमत नव्हतं. घरचं काहीतरी जवळ हवं ना? माझ्या उशाशी नाही का आईची ओढणी!”

रोज सकाळी नातीच्या अंथरुणाची घडी आबाच घालत. ओढणी त्यांना रोज दिसायची, पण ती तिथे का असते हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

“शंख तांबं पीत होता,” ते हळूच म्हणाले. “शिवाय मोठ्या टाकीतले कोषही त्याला चिकटून आले असणार. आता हा परत प्रवाळांत ठेवता येणार नाही. प्यालेलं तांबं तिथे सोडेल. तुझ्याकडेच ठेव.”

त्यांनी पाणी बदललं आणि नव्याने, थोडं थोडं करत तांबं चढवलं. या वेळी ते टिकलं. आता वाट पाहण्यावाचून हातात काही नव्हतं. वैजू केशूजवळ बसून समोरच्या मोठ्या टाकीकडे बघत राहिली.

“आबा, कोणीच नसलं की टाकी बरी होते. म्हणून आईने मलाही इथे असं एकटं ठेवलंय का?”

आबा जिना चढून गेले. थोड्या वेळाने वरून खडखडाट ऐकू आला. आबा आपली जड लाकडी खुर्ची एकेक पायरी खाली उतरवत होते. त्यांनी ती वैजूशेजारी ठेवली, घाम पुसला आणि बसले.

“टाकीक एकटेपण औषध, बाये. माणसाक नाय. ह्या माका आधी कळाक व्हया होता.”

त्या दिवसापासून त्यांची आकडेमोड तिथेच होऊ लागली. आकडे चुकले की वैजू हसायची. पंधरवड्यात केशूचं अंग स्वच्छ झालं. एका दुपारी वैजूने सहज काचेला बोट लावलं, तर तो पाइपमधून धावत आला.

अडीच महिने भरले. वैजूने केशूला मोठ्या टाकीत सोडलं. शंखाच्या जागी तो गरगर फिरला, थबकला आणि मग वाढलेल्या प्रवाळांच्या एका फटीत शिरून बसला. पुढच्या हिवाळ्यात तेच प्रवाळ कासवखडकाभोवतीच्या समुद्रात लावायचे होते. तोवर आई येणार होती. पहिलं रोप तिच्या हातून लावायचं, असं वैजूने ठरवून टाकलं.

शंख तिच्या उशाशी होता, ओढणीत गुंडाळलेला. ओढणीला आता आईचा वास येत नव्हता, आणि हे तिने आबांना सांगितलंही होतं.

“काम संपलं,” खेकड्या म्हणाला. “खुर्ची वर न्यायची?”

वैजूने आबांकडे पाहिलं. आबा खुर्चीत आणखी नीट रेलून बसले आणि म्हणाले, “नको रे. तिची जागा इथेच.”