मागे काही उरत नाही

त्या खुर्चीत नको, इकडे सतरंजीवर बसा. दिवा जरा जवळ ओढतो.

मी वेताच्या खुर्च्या विणणारा माणूस. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही. जे पाहिलं तेवढंच सांगतो.

भर दुपार होती, पण आभाळ दाटल्यामुळे खोलीत अंधारलं होतं. लेक तिच्या आईचा फोटो शोधायला बसली होती. घरात हिचा एकही फोटो नाही. ही गेली ती छातीच्या दवाखान्यात. तिथे वॉर्डात कुणाला सोडत नसत. दवाखान्याच्या वेबसाइटवर कॅमेऱ्यातून खाट दिसायची. बेलचं बटण दाबलं की तिकडे बेल वाजायची आणि पेशंट मान वळवायचा. भेट म्हणायची ती एवढीच. लेक परगावाहून तशी भेटायची. मला तेही जमलं नाही. खाटेजवळ ठेवायला मी एक खुर्ची विणून पाठवली होती, इतकंच. त्या वेबसाइटवर हिचा एखादा फोटो राहिला असेल, असं लेकीला वाटत होतं.

"ते पान नव्या ब्राउझरमध्ये उघडत नाही, बाबा. म्हणून हा जुना आणलाय, पेन ड्राइव्हवर. अगदी तुमच्यासारखा आहे, नवीन काही शिकायचं नाव नाही."

"कॉम्प्युटर बिघडायचा नाही ना?"

"नाही हो. याचं सगळं पेन ड्राइव्हवरच असतं. तो काढून घेतला की मागे काही उरत नाही."

पान वरून खाली, सावकाश उघडत गेलं. लेक पडद्याजवळ वाकली.

"सापडला का फोटो?"

"हा फोटो नाही, बाबा... कॅमेरा चालू आहे."

"दवाखाना तर केव्हाच पाडला ना?"

"हो..."

खाट रिकामी होती. शेजारी माझी खुर्ची. तिच्यात कुणी दिसत नव्हतं, पण वेत मधोमध खाली गेला होता. माणूस बसला की जातो तसा.

मी पानावरच्या बेलच्या बटणाकडे हात नेला.

"बाबा, नको..."

मी बेल वाजवली.

वेत हळूहळू वर आला. सपाट झाला. कुणीतरी उठलं होतं.

लेकीने पेन ड्राइव्ह खेचून काढला. पान नाहीसं झालं. खोलीत फिनेलचा वास सुटला. आणि आमच्या पाठीमागे, आदल्याच दिवशी विणून झालेली खुर्ची करकरली.

लेकीने माझं मनगट धरलं. मी वळलो.

"आलीस?" मी विचारलं.

मग मी वेताकडे नीट पाहिलं.

ही शेवटी शेवटी पाखरासारखी हलकी झाली होती. नर्स एका हाताने तिला कुशीवर वळवायची, असं लेक सांगायची. हा वेत मात्र जमिनीला टेकत आला होता.

तीच ती खुर्ची. अजून तशीच आहे. वेत तुटत नाही... आणि वरही येत नाही.