नवरी बसली स्टेशनावर!

"'चालशे' नाही गं, 'चालेल'!" मृदुला खिदळली. तिच्या भावानं, विश्वासनं तर पोटच धरलं. दोघंही बडोद्याच्या साहित्य मेळ्याला पुण्याहून काकांबरोबर आलेली. आणि काका म्हणजे मेळ्याचे चिटणीस दिनकरराव! मग काय, तोरा विचारूच नका!

बडोद्यातच वाढलेल्या दुर्गाच्या मराठीत असे गुजराती शब्द यायचेच. अशा वेळी तिच्या वतीनं तिची मैत्रीण सरोजिनी भांडायची. पण सरोजिनीच्या वडिलांची नवसारीला बदली झाली आणि दिवाळीची सुट्टी लांबलचक, ओकीओकी होऊन बसली. अंगणात एकटी, सूरसागर तलावाच्या पाळीवरही एकटी! आज मेळ्यात बाहेरगावच्या लेखिका कौशल्याबाई मुलांना गोष्ट सांगणार होत्या. ती ऐकून सरोजिनीला कळवायची होती. नाहीतर पत्रात लिहायला होतंच काय?

तेवढ्यात दिनकरराव घाम पुसत मांडवात आले. "बाई आल्याच नाहीत! गोष्ट रद्द. त्या वेळात मी माझं दीर्घकाव्य वाचतो."

"सगळं?" विश्वास कळवळला.

"काका, स्टेशनवर नीट पाहिलंत ना?" मृदुलानं विचारलं.

"टांगेवाल्या मगनभाईला विचारलं की! म्हणाला, 'एक बेन क्यारनी नवरी बेठी छे.' वऱ्हाड चुकलेली नवरी! आपल्याला काय करायचंय?"

दुर्गा ताडकन उठली. "काका, नवरी म्हणजे नवरी नव्हे!"

"मग काय, नवरा?" विश्वास म्हणाला.

"अरे, गुजरातीत नवरी म्हणजे रिकामी! एक बाई केव्हाच्या नुसत्या बसल्यात, असं म्हणाला तो!"

"मोठ्यांना शिकवू नकोस!" दिनकरराव काव्याचे कागद जुळवू लागले.

विश्वासनं त्या गठ्ठ्याची जाडी पाहिली आणि काकांचा चष्मा हळूच खिशात टाकला. "आता कसे वाचतात बघू! पळा!"

मगनभाईचा टांगा बाहेरच होता. दुर्गानं फडाफडा गुजरातीत सांगितलं आणि घोडा सुटला!

फलाटाच्या टोकाला एक ठेंगण्या बाई वळकटीवर बसल्या होत्या. डोळे लाल.

"तुम्ही कौशल्याबाई ना?" दुर्गानं विचारलं.

"हो गं. मला वाटलं, या गावात कुणालाच मी नको आहे."

"मला पण सुट्टीभर असंच वाटतंय," दुर्गा एकदम बोलून गेली.

बाईंनी तिचा हात धरला, तो टांग्यातही सोडला नाही.

मांडवात दिनकरराव अजून चष्माच शोधत होते! सगळी हकीकत ऐकून अध्यक्ष श्रीपतराव गडगडाटी हसले. "शाबास, पोरांनो! पुढच्या मेळ्याला चिटणीस या दुर्गालाच करा!"

"आणि मला नवरा बसवा!" दिनकररावांनी कान धरले.

सयाजीराव महाराजांनी शाळा सक्तीची केलेली, त्यामुळे पुस्तकांची गोडी लागलेली गुजराती पोरंही गोष्टीच्या ओढीनं ढिगानं आली होती. बाईंनी दुर्गाला शेजारी उभं केलं. "मी मराठीत सांगते, तू गुजरातीत सांग."

दुर्गानं सांगायला सुरुवात केली. सांगता सांगता गर्दीवरून नजर फिरवली. इतके चेहरे, पण सरोजिनीचा नव्हता. दुर्गा वाक्य अर्धवट सोडून तिलाच शोधत राहिली.

"पछी शुं थयुं?" मग काय झालं ते ऐकायला अधीर झालेली पुढच्या रांगेतली एक चिमुरडी ओरडली.

दुर्गानं त्या चिमुरडीकडे पाहिलं आणि पुढचं सांगितलं.