हिवाळ्याचा कानोसा

एप्रिलच्या भर दुपारी हिमानीच्या कॉम्प्युटरवर टिंग वाजलं आणि स्क्रीनवर एक ओळ आली —

"हिवाळा सोडून गेला. झोप येत नाही."

लिहिणारा कोणी अश्विन होता, राहणार कोराडी. फेसबुकवरच्या नागपूरकरांच्या एका ग्रुपात त्यानं हे लिहिलं होतं, आणि कानोशानं त्या ओळीला लाल ठिपका लावला होता. लाल म्हणजे तक्रार.

हिमानी हिंगण्याच्या एमआयडीसीत, कूलरच्या एका कारखान्यात काम करायची. कूलरचं नाव 'हिवाळा'. मालक चंपतरावांनी ते स्वतः ठेवलं होतं आणि "हिवाळा म्हटलं का त्याच्यात वाळाबी आला पाहा, तो खसचा," असं ते येईल त्याला ऐकवत. कानोसा हे त्यांचं नवं सॉफ्टवेअर. कोणीही, कुठेही 'हिवाळा' असं लिहिलं, की कानोसा ते उचलून हिमानीसमोर टाकायचा. आता या शब्दाची अडचण अशी, की तो एकट्या चंपतरावांचा नाही. म्हणून पंप बिघडल्याच्या तक्रारींसोबत स्वेटरचे सेल, सर्दीचे काढे आणि प्रेमभंगाच्या चारोळ्यासुद्धा येऊन पडायच्या. त्यातून कूलर तेवढे वेचणं हे हिमानीचं काम.

त्या दुपारी ती चुकली. डबा नुकताच संपला होता, डोळे जड होते.

"गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया मॉडेल आणि बिलाचा फोटो पाठवा. आमचा माणूस येईल," तिनं कंपनीच्या नावानं लिहिलं.

लगेच उत्तर आलं. "मॉडेल माहीत नाही. डिसेंबरात आला होता, फेब्रुवारीत न सांगता गेला. बिल तर त्यानं देल्लंच नाही. तुमचा माणूस त्याले कुठून आणून देईल?"

खाली लोक हसत सुटले. हिमानीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. नियमानं तिनं पुन्हा 'दिलगीर' लिहायचं होतं, पण खजील झालेल्या माणसाच्या हातून नियम सुटतात आणि स्वभाव बाहेर येतो.

"तुम्हीच नीट ठेवला नसेल," तिनं लिहिलं. "आमच्याकडचा असा सोडून जात नाही."

"कंपनी चिडली वाटते."

"कंपनी चिडत नसते."

"मंग कोण चिडलं?"

तिनं 'मी' एवढं टाइप केलं आणि खोडलं. पण स्क्रीनवरची ती खिडकी बंदही केली नाही... आणि मालक मागे येऊन उभे राहिलेत, हे तिला बऱ्याच उशिरा कळलं.

"पोट्टा बोलते चांगला," चंपतराव म्हणाले. "याले आपला भाट बनव."

भाट हा त्यांचा शब्द. जाहिरातीवर पैसा उडवण्यापेक्षा गिऱ्हाइकाचं कान देऊन ऐका, त्याचं दुखणं दूर करा, मग तोच गावभर तुमचे गोडवे गातो — असा त्यांचा हिशेब, आणि तो खोटा नव्हता. उमरेडच्या शोभाताईंनी आदल्या वर्षी लिहिलं होतं, 'या कूलरपेक्षा माझी सासू कमी आवाज करते.' हिमानीनं दुसऱ्याच दिवशी मिस्त्री धाडला, नवा पंप बसवून दिला. तेव्हापासून उमरेडात कोणी कूलरचं नाव काढलं, की शोभाताई आधी हजर. सासूबद्दल मात्र त्यांनी आपलं म्हणणं बदललं नाही.

"पण त्याच्याकडे आपला कूलरच नाही," हिमानी म्हणाली.

"मंग आधी गिऱ्हाईक बनव, मंग भाट." चंपतरावांनी चष्मा पुसला. "या मोसमात त्याले कॅमेऱ्यासमोर उभा कर. आपल्याच मनानं चार शब्द चांगले बोलला पाहिजे. जमलं, तर तुही नोकरी पक्की. नाही जमलं, तर जूनमध्ये कूलर माळ्यावर जाते, तशी तूबी."

ते हसत म्हणाले. पण चंपतराव हसत जे म्हणतात तेच करतात, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग रोज टिंग वाजू लागलं. 'आज कोराडीत इतकं ऊन आहे का हिवाळा नावाचा काही प्रकार असते यावर भरवसा बसत नाही.' 'हिवाळ्यात लग्न करणारे लोक शहाणे, हे मामेभावाच्या वरातीत नाचताना समजलं.' प्रत्येक ओळीत तो शब्द कुठे ना कुठे खोचलेला. हिमानी कंपनीच्या नावानं उत्तर द्यायची, आणि प्रत्येक उत्तरात कंपनी जराशी कमी व्हायची.

"तुम्ही काय काम करता?" एकदा तिनं विचारलं. कंपनीला हे विचारायचं काही कारण नव्हतं.

"वीज बनवतो. कोराडीच्या प्लांटमध्ये, कंट्रोल रूममध्ये बसतो. दुपारी सगळ्या नागपूरचे कूलर सुरू झाले का आमच्या इथं आकडा चढते. तो आकडा पाहत राहतो."

"मग त्यात आमचेपण असतील."

"तुमचेच पाहत राहतो."

हिमानीनं पाण्याची बाटली उचलली, ती रिकामी होती, तरी प्यायल्यासारखं केलं.

खरं म्हणजे इथे तिचं काम संपत होतं. कानोसा आणून देईल तेवढं वाचायचं, इतकाच तिचा पगार. पण कुतूहलाला पगार लागत नाही. ती अश्विनच्या जुन्या पोस्टांमध्ये शिरली — मागे, आणखी मागे. त्याला तर्री-पोह्यांत वरून चिवडा आवडत नाही. तो फोटोत नेहमी कडेला उभा राहतो. वडील गेले त्या उन्हाळ्यात त्यानं एवढंच लिहिलं होतं — 'बाबा कूलरले खसच्या ताट्या लावायचे. पहिलं पाणी पडलं का सगळ्या घरात वास दरवळे. आता कोणी लावत नाही.' त्याला कोणी उत्तर दिलं नव्हतं. हिमानी तिथे बराच वेळ थांबली... आणि तिनंही काही लिहिलं नाही.

मेच्या सुरुवातीला अश्विननं 'हिवाळा' विकत घेतला. बिलाचा फोटो टाकला, खाली लिहिलं, 'आता पाहू कोण सोडून जाते.' चंपतरावांनी ऑफिसात सगळ्यांना लस्सी पाजली. महिनाभर कूलर बिनबोभाट चालला. आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागला, सावलीतसुद्धा जीव नकोसा झाला, त्या दिवसांत टिंग वाजलं —

"हिवाळा रडून राहिला. थांबतच नाही."

हिमानीला हसू आलं. तिनं पटकन लिहिलं, "कोणी दुखावलं असेल. जवळ घ्या त्याला, समजूत काढा."

लोकांनी हसण्याचा पाऊस पाडला. अश्विनचं उत्तर मात्र आलं नाही. ऑफिस सुटायच्या वेळेला आलं.

"मॅडम, खरंच रडून राहिला. टाकीतून पाणी गळते. फरशीवर आई घसरली, मनगट सुजलं. तुमाले खरं सांगितलं तर तुम्ही हसून राहिल्या."

हिमानीनं ती ओळ दोनदा वाचली. पहिल्या वेळी गंमत होती, तिला ती तक्रार वाटली. आता तक्रार होती, तर तिला गंमत वाटली. यंत्र चुकलं असतं तर समजण्यासारखं होतं; पण या खेपेला कानोशानं लाल ठिपका बरोबर लावला होता.

सकाळी कंपनीच्या गाडीत मिस्त्री नत्थूजींच्या शेजारी ती बसली, तेव्हा नत्थूजींनी भुवई वर केली.

"तुमचं काय काम तिथं?"

"माफी मागायची आहे."

"ते फोनवर होत नाही?"

"फोनवर चुकते."

नत्थूजींनी गाडी सुरू केली. वाटेत एका दुकानापाशी तिनं गाडी थांबवली आणि एक मोठं पुडकं घेऊन आली.

कोराडीच्या कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर दार उघडलं. फोटोत कडेला उभा राहणारा तोच माणूस, पण उंच, आणि खांद्यावर ओला टॉवेल. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांची सगळी हुशारी दोघांचीही कुठल्या कुठे गेली.

"मी... हिवाळ्याकडून," हिमानी म्हणाली.

"हाव. ओळखलं."

"अजून नाव कुठे सांगितलं?"

"चिडल्यासारख्या दिसून राहिल्या ना, म्हणून ओळखलं."

आतून त्याच्या आईचा, शामलाबाईंचा आवाज आला, "कोण आलं गा? आत तं घे त्याइले."

मनगटाला पट्टी, चेहऱ्यावर मात्र पाहुण्यांचा आनंद. हिमानी त्यांच्यापाशी जाऊन बसली. "काकू, चूक माझी आहे. यांनी सांगितलं आणि मी थट्टा समजले."

"त्यानं आधी खरं बोलाची सवय ठेवली असती तं तू समजली असती," शामलाबाई म्हणाल्या. "लहानपणी पोट दुखते म्हणे, अन् शाळेची घंटा झाली का बरा होये."

"आई, आता हे काहून?"

"तिले माहीत तं पाहिजे."

काय माहीत पाहिजे आणि कशासाठी, हे कोणी विचारलं नाही.

नत्थूजींनी टाकीच्या बुचाचं रबर बदललं. हिमानीनं पुडकं सोडलं. आत खसच्या ताट्या होत्या. जुन्या काढून त्या बसवल्या, पंप सुरू झाला, पाणी झिरपत खाली उतरलं... आणि तो वास खोलीत आला — ओल्या मुळांचा, गार मातीचा. बारीक तुषार हिमानीच्या गालावर आले. शामलाबाईंनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

अश्विन मात्र कूलरकडे नाही, हिमानीकडे पाहत होता. आणि त्या पाहण्यात पहिल्यासारखं हसू नव्हतं.

नत्थूजींना पुढे कामं होती, ते गाडी घेऊन गेले. बस स्टॉपपर्यंत सोडायला अश्विन घरातल्याच चपलांवर निघाला. कोळशाचे ट्रक धुरळा उडवत जात होते. कडुनिंबाच्या तुटपुंज्या सावलीत दोघं थांबले.

"खसचं कसं समजलं?" त्यानं विचारलं.

हिमानीनं ओढणी डोक्यावर घेतली. "आधी दुसरं सांगते. मला तुम्हाला कॅमेऱ्यासमोर उभं करायचं होतं. कूलरची तारीफ करायला. ते जमलं तर माझी नोकरी पक्की होणार आहे."

"म्हणजे हे सगळं... ते बोलणं, येणं, ताट्या... धंदाच होता."

"सुरुवात धंद्याची होती."

तो रस्त्याकडे पाहत राहिला. "आमी दोघं मायलेक तिथं वास घेऊन राहिलो होतो. मले वाटलं..." त्याला काय वाटलं, ते एक ट्रक घेऊन गेला.

हिमानीला खुलासे करता आले असते. खुलासे करणं हाच तिचा रोजगार होता. पण इथे दिलगिरीचं तयार वाक्य चालणार नव्हतं.

"ती खसवाली पोस्ट आठवते?" ती म्हणाली. "त्यात 'हिवाळा' कुठे होता?"

त्यानं वळून पाहिलं.

"आमचं यंत्र फक्त तेवढा एक शब्द ऐकतं," ती म्हणाली. "बाकीचं... मी ऐकलं. कोणी सांगितलं नव्हतं. कंपनीला अजून माहीत नाही."

त्याच्या डोळ्यांत सगळ्या जुन्या पोस्टा एकेक करून मागे जात असाव्यात, कारण चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"सगळंच वाचलं?"

"मामेभावाच्या वरातीचा व्हिडिओपण पाहिला."

"अरे देवा."

तिनं फोन काढला आणि त्याच्यासमोरच लावला. "चंपतराव, कोराडीचं काम झालं. पण तो मुलगा कॅमेऱ्यासमोर येणार नाही... नाही, तो नाही म्हणाला नाही. मीच विचारणार नाही... कारण तो जे चांगलं बोलेल, ते कूलरबद्दल असलेलं मला चालणार नाही." मग ती नुसतं "हो... हो... बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मंग शोभाताईले विचार. अन् सोमवारी ऑफिसात ये, तुह्याशी बोलाचं आहे."

"नोकरी?"

"सोमवारी कळेल."

दुरून बस येताना दिसली. हिमानी रस्त्याच्या कडेला सरकली.

"थांब ना वं," अश्विन म्हणाला.

आणि दोघंही थबकले. मॅडम गेली होती, तुम्ही गेलं होतं. जवळच्या पोरीला लावतात तो एवढासा 'वं' मधेच येऊन उभा राहिला होता, जसा घरचाच असावा.

"मलेबी एक सांगायचं आहे," तो घाईनं म्हणाला. "तो कूलर मी हवेसाठी नाही घेतला. दुकानदाराले विचारलं, बिघडला तर कोण येते? तो म्हणे, कंपनीत एक पोरगी आहे, ती सगळं पाहते. म्हणून घेतला. रोज वाट पाहून राहिलो होतो बिघडायची. महिनाभर साला इतका बराबर चालला... आईले म्हणलं, काय बेकार कूलर आहे, बिघडतच नाही. अन् बिघडला, तर तिलेच पाडलं त्यानं."

हिमानी हसू दाबायला गेली. जमलं नाही. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं ओढणीनं टिपलं.

"काकूंना हे माहीत आहे?"

"काल रात्री सांगितलं. म्हणे, मंग माहं मनगट वाया जाऊ देऊ नको."

बस थांबली. हिमानी पायरीवर चढली, दोन पायऱ्या वर गेली आणि वळली. अश्विन खाली, उन्हात, घरातल्या चपलांत, हात कुठे ठेवावेत ते न कळून उभा होता.

"हे पाहा," कंडक्टर म्हणाला, "येणार असन तं या, नसन तं दरवाजा सोडा."

अश्विननं हिमानीकडे पाहिलं. तिनं खिडकीजवळची जागा घेतली, पर्स मांडीवर उचलून घेतली आणि शेजारची जागा मोकळी केली. तो चढला.

"कुठलं?" कंडक्टरनं विचारलं.

अश्विननं तोंड उघडलं, पण त्याला कुठे जायचं आहे हे खरोखरच ठाऊक नव्हतं.

"सीताबर्डी," हिमानी म्हणाली. "दोन द्या."