गंधार कुठे अडकला?

भद्रावतीच्या वाचनालयातला यंत्रमानव गंधार दुपारपासून जागचा हलला नव्हता. कोण भुताच्या गोष्टींना घाबरतं, कोणाला मोठी अक्षरं लागतात, कोणाचं पुस्तक कुठल्या पानावर राहिलंय, हे सगळं एरवी त्याला तोंडपाठ असायचं. अकरा वर्षांच्या चार्वीनं त्याला एवढंच विचारलं होतं, "मला संगणकशास्त्र शिकायचंय. कोणती पुस्तकं वाचू आणि कोणत्या क्रमानं?" त्यानं भराभर पुस्तकं काढून टेबलावर मांडली, "सगळ्यात आधी..." असं म्हणाला आणि गप्पच झाला.

चार्वीची कुंदामावशी उपग्रहांसाठी प्रोग्रॅम लिहायची. वाचनालयातली यंत्रंही तीच सांभाळायची. तिनं गंधारच्या छातीवरचा पडदा पाहिला.

"स्मृती पुसून नव्यानं सुरू करावं लागेल याला."

"म्हणजे तो आम्हा सगळ्यांना विसरेल?"

मावशीनं मान डोलावली आणि अवजारांची पेटी उचलली.

"नको ना गं मावशी! माझ्याच प्रश्नामुळे अडकलाय तो. कुठे अडकला ते आधी बघूया तरी."

मावशीनं हातातली पेटी खाली ठेवली आणि जमिनीवर मांडी घातली. "बरं. समज, तूच गंधार आहेस. कुठून सुरुवात करशील?"

चार्वीनं सगळ्यात जाड पुस्तक उचललं. यंत्रांना शिकवायचं कसं, याबद्दलचं होतं ते. पहिल्याच पानावर सूचना होती: आधी संभाव्यता (एखादी गोष्ट घडण्याची शक्यता मोजण्याचं गणित) आणि प्रोग्रॅमिंग शिकून या.

"म्हणजे हे नंतर." तिनं ते बाजूला ठेवलं.

"याला अवलंबन म्हणतात," मावशी म्हणाली. "एक गोष्ट दुसरीवर टेकून असणं. आधीच्या पुस्तकाकडून नंतरच्या पुस्तकाकडे एक बाण काढ."

चार्वीनं फरशीवर पुस्तकं पसरली आणि खडूनं बाण काढले. संभाव्यतेच्या पुस्तकाकडे एकही बाण येत नव्हता.

"हे कुठल्याच पुस्तकासाठी अडून राहत नाही. मग हे पहिलं!"

"शाबास. आता ते उचल, त्याचे बाण पूस आणि पुन्हा तसंच पुस्तक शोध. झाला अल्गोरिदम (काम करायची ठरलेली, पायरीपायरीची रीत)."

थोडा वेळ काम झकास चाललं. मग चार्वी थबकली. उरलेल्या प्रत्येक पुस्तकाकडे कुठून ना कुठून बाण येत होताच. ती बाणांवरून उलटी मागे मागे गेली आणि दोन पुस्तकांपाशी येऊन थांबली.

"मावशी, तर्कशास्त्राचं पुस्तक म्हणतंय, आधी प्रोग्रॅमिंग शिका. आणि प्रोग्रॅमिंगचं म्हणतंय, आधी तर्कशास्त्र वाचा!"

"चक्र झालं! गंधार अजून त्यातच फिरतोय. चक्र असेल तर क्रम लागतच नाही."

चार्वी हिरमुसली. पण तिनं तर्कशास्त्राचं पुस्तक पुन्हा उघडलं आणि सावकाश चाळत गेली. चौथ्या प्रकरणापर्यंत नुसती कोडी होती. प्रोग्रॅम पाचव्या प्रकरणापासून सुरू होत होते.

"अगं, अख्खं पुस्तक कुठे अडलंय? याचा पहिला भाग आधी वाचायचा, मग प्रोग्रॅमिंग, मग याचा उरलेला भाग!" तिनं त्या पुस्तकाच्या जागी फरशीवर दोन चौकोन काढले आणि बाण नव्यानं जोडले. आता गोल कुठेच उरला नाही.

मावशीनं तेच गंधारच्या पडद्यावर भरलं. गंधारची चाकं किंचित हलली.

"...तर्कशास्त्राची पहिली चार प्रकरणं वाच," तो म्हणाला. "किंवा संभाव्यता. दोन्हींनी सुरुवात करता येते. चार्वी, मी पुस्तक म्हणजे एक सलग वस्तू समजत होतो."

चार्वीनं त्याला मिठीच मारली.

पेटी उचलताना मावशी म्हणाली, "आमच्या नव्या उपग्रहाची कामंही अशीच एकमेकांत अडकलीत. तिथे माणसं पुष्कळ आहेत, पण असे बाण काढून कोणी बघितलेलं नाही. शनिवारी येशील?"

"येईन की!" चार्वी पहिलं पान उघडत म्हणाली. "पण शनिवारपर्यंत माझी चार प्रकरणं व्हायला हवीत हं. ती झाल्याशिवाय नाही."