मावशीच्या गळ्यात कोण पडलं?

खोटं वाटत असेल तर इथंच थांबा. पण माझ्या मावसबहिणीच्या, देविकाच्या घरात हे घडलंय. अहमदपूरला, मागच्या फाल्गुनात, तिच्या सासूच्या तिसऱ्याच्या दिवशी.

तेही भर दुपारी.

देविकाला आतड्याचा आजार. शौचातून रक्त जायचं. लातूरच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या तेव्हा कुठं रक्त थांबलं. पण त्या गोळ्या अंगातली प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात. दुसऱ्याची साधी सर्दी तिला महिनाभर पुरायची. ओठांवर फोड, घशात जखमा. मग काही दिवस गोळ्या बंद... की पुन्हा रक्त.

"खोकणाऱ्यांपासून लांब राहा," डॉक्टरांनी बजावलं होतं.

सासूबाईंना, चंद्रप्रभाबाईंना, हे सगळं थोतांड वाटायचं. देविकानं मास्क लावला, गोळी घेतली की त्या जीभ टाळूला लावायच्या.

च्च...

"लई नाजूक गं तू."

त्या झोपेतच गेल्या. आदल्या रात्रीही सुनेशी धड बोलल्या नव्हत्या.

तिसऱ्याला कंधारहून त्यांची बहीण आली, शिवकन्यामावशी. जीपमधून उतरली तीच खोकत. आमच्याकडं दुखवट्याला आलेली बाई घरातल्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून रडते. टाळलं तर अपमान. आणि मावशीला स्वतः रडण्यापेक्षा कोण रडत नाही हे बघायची हौस.

देविका आतल्या खोलीत गेली. कडी लावली.

"सासू मेली अन् ही कडी लावून बसली," मावशी बाहेरून म्हणाली. "वरद, तुझी बायको मिठाची हाय का? विरघळंल व्हय?"

बायका खुसुखुसू हसल्या. दुखवट्यात.

"देविका, एकदाच ये बाहेर," नवरा म्हणाला. "लोक बघून राहिलेत."

रक्त आत्ता कुठं थांबलं होतं. तरी ती उठली. लाजेपोटी.

कडी काढली...

च्च...

मागून.

मागं सासूबाईंच्या बाजेची रिकामी जागा. बाज तर कालच बाहेर काढलेली.

तिनं दार ओढलं. कडी निघालेली, तरी दार उघडेना.

बाहेर एकदम रडणं थांबलं.

मावशीचा खोकलाही...

मग दार आपोआप उघडलं. पुढच्या खोलीत मावशी भिंतीला टेकून बसली होती. तोंड पांढरंफटक.

"हात किती गार गं तुझे," ती पुटपुटली.

"माझे?"

"आत्ताच न्हाई का गळ्यात पडलीस? पदरानं तोंड झाकून?"

"मावशी, मी आत होते."

वरदनं मान खाली घातली. पदरानं तोंड झाकलेली बाई त्यानंही पाहिली होती.

"मग कानात कोण बोललं?" मावशी म्हणाली.

"काय बोललं?"

मावशीनं आतल्या खोलीकडं पाहिलं.

"च्च... लई नाजूक गं तू."

मावशी कंधारला गेली ती अंथरुणालाच खिळली. ओठांवर फोड, घशात जखमा. देविकाला साधी शिंकही आली नाही.

आता कुणी खोकत आलं की ती सरळ आत जाते. लोक अजून नाकं मुरडतात. मुरडू द्या. आपल्या खोकल्याचा मान राखायला दुसऱ्याची आतडी मागणारी माणसं ती.

पण सासूनं तुला वाचवलं, असं म्हटलं की देविका विषय बदलते.

कारण परवा ती घरात एकटीच होती. कुणी खोकत नव्हतं. तिनं गोळी तळहातावर घेतली, पाण्याचा पेला उचलला...

च्च...